सरकार कुणाचंही असो, रविवार आपला!

मत देऊनही काही बदलत नाही, म्हणून ध्येय-बिय ठरवणंच सोडून दिलंय? मग खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खाताना पेटलेल्या या भांडणात तुम्हीही सामील व्हा...

रविवारची सकाळ. खडकवासल्याची चौपाटी. हातात लिंबू-तिखट-मीठ चोळलेलं गरमागरम कणीस, समोर धरणाचं पाणी, पाठीमागच्या रस्त्यावर सिंहगडाकडे सुसाट निघालेल्या बाइक्स. अशा वेळी माणसानं खरं तर गप्प बसावं. पण आमच्या ग्रुपला ते कधी जमलेलं नाही.

मी सहज विचारलं, "काय रे, पुढच्या वर्षभरात काय करायचं ठरवलंय?"

बस्स! ठिणगी पडली.

"गोल्स? इथे?" हिंजवडीतल्या आयटी कंपनीत टीम लीड असलेला आमचा मित्र कणसावरून नजरही न उचलता म्हणाला. "आपण मत देतो एकाला, तो जातो दुसऱ्याबरोबर, आणि खुर्चीवर बसतो तिसराच. कशाच्या भरवशावर प्लॅनिंग करायचं? ईएमआय भरायचा, सीरिज बघायची, झोपायचं. टेन्शन नाही!"

सगळे हसले. मीही हसले. पण खरं सांगू? आतून कुठेतरी पटलंच. आमच्या वयाच्या मुलांनी महाराष्ट्रात काय काय पाहिलंय बघा ना. २३ नोव्हेंबर २०१९ ला राज्य झोपेतून नीट उठायच्या आत एक शपथविधी झाला आणि ते सरकार ऐंशी तासांत आटोपलं. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. मग नाव कुणाचं, चिन्ह कुणाचं, यावर कोर्टकचेऱ्या. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्या पक्षांचे मतदार आहेत. पण 'आपल्याला कुणी विचारत नाही' हे फीलिंग मात्र सगळ्यांचं सेम!

आणि एकदा ते फीलिंग आलं की ते फक्त राजकारणापुरतं राहत नाही, हीच तर गोची आहे. जिम सुटते. अर्धवट राहिलेला कोर्स तसाच पडून राहतो. 'काय फरक पडतो यार' हे वाक्य हळूहळू प्रत्येक गोष्टीला लागू व्हायला लागतं.

तक्रार करायची कुणाकडे?

मी खडकवासल्यात भाड्यानं राहते. आमच्या गावाची गंमत ऐका. २०२१ च्या जूनअखेरीस खडकवासल्यासह २३ गावं पुणे महापालिकेत आली. म्हणजे ग्रामपंचायत गेली, सरपंच गेले. आता नगरसेवक मिळणार म्हणून लोक वाट बघतायत, तोवर मार्च २०२२ मध्ये महापालिकेचीच मुदत संपली. मग आले प्रशासक. निवडणूक आज होईल, उद्या होईल करता करता मतदान झालं ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. आमदार-खासदार होते, नाही असं नाही. पण नळाला पाणी आलं नाही, कचरा उचलला नाही, तर ज्याच्या दारात जाऊन उभं राहावं असा आपण निवडून दिलेला माणूस आमच्या गावाला जवळजवळ साडेचार वर्षं नव्हता.

आणि नेमकं याच काळात जानेवारी २०२५ उजाडलं.

आठवतंय? गुलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी... रोज बातम्यांत आमच्याच भागाची नावं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती उलटते आणि स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. सुरुवात बहुतेक वेळा पायांपासून होते. मुंग्या येतात, मग ताकद जाते आणि अशक्तपणा वर वर चढत जातो. काहींना तर व्हेंटिलेटर लागतो. पुणे परिसरातल्या संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. काही जण दगावले. तपासण्यांत रुग्णांच्या नमुन्यांमध्ये कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि सगळ्यांची नजर वळली पाण्याकडे.

विचार करा. पुण्याला पाणी देणारी चार धरणं. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला. चारही मिळून साठा साधारण २९ टीएमसी. त्यात खडकवासला सगळ्यात लहान, जेमतेम दोन टीएमसीचं. पण वरच्या तिन्ही धरणांचं पाणी इथूनच पुढे जातं. म्हणजे सगळ्या शहराचं पाणी आमच्या उशाशी, आणि आम्हीच उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या पर्समध्ये घेऊन फिरतोय!

काकांचं 'टार्गेट'

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक काका राहतात. रिटायर्ड. वय पासष्टच्या पुढे. राजकारणाचा असा नाद, की विचारू नका. संध्याकाळी सात ते दहा त्यांच्या घरातून टीव्हीवरच्या चर्चा जिन्यापर्यंत ऐकू यायच्या आणि टीव्हीवरच्या पाहुण्यांपेक्षा काकांचाच आवाज मोठा. मला ते 'पत्रकारबाई' म्हणतात. जाता-येता अडवायचे. "काय पत्रकारबाई, कुणाचं सरकार पडतंय आज?"

त्या जानेवारीत एका सकाळी काकांना जिना उतरता येईना. दोन दिवसांत ते आयसीयूत. जीबीएस. नेमका कशामुळे, ते कुणालाच खात्रीनं सांगता आलं नाही. काकू रोज सकाळी डबा घेऊन जायच्या आणि रात्री परत यायच्या. तळमजल्यावरचा टीव्ही बंद. तो आवाज नको-नको वाटायचा, पण त्या दिवसांत जिन्यातली शांतता खायला उठायची.

मार्चमध्ये काका घरी आले, व्हीलचेअरवर. मी भेटायला गेले. आता ते सगळ्या व्यवस्थेला शिव्या घालणार असं मला वाटलं होतं. (मीच तयारी करून गेले होते, खरं तर!) पण त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. फिजिओथेरपिस्टनं सांगितल्याप्रमाणे त्यावर पेनानं लिहिलं होतं. पहिले पंधरा दिवस पलंग ते खिडकी. मग खिडकी ते दार. मग दार ते बिल्डिंगचं गेट. शेवटच्या पानावर एकच शब्द. 'चौपाटी'.

"आणि बातम्या?" मी विचारलं.

"बघतो की. पण अर्धा तास. बाकी वेळ पायांना द्यावा लागतो ना," काका म्हणाले. "सरकार पडलं तर मला न विचारता पडेल. मी पडलो तर मलाच उठावं लागेल."

त्या वाक्यानं मला झोपू दिलं नाही.

हा सगळा डोक्याचा खेळ

आपण असे ढेपाळतो का, याचं उत्तर मानसशास्त्रात आहे. १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या अमेरिकी संशोधकांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. काही कुत्र्यांना विजेचे धक्के बसत, पण काहीही केलं तरी ते थांबवता येत नसत. नंतर जिथून सहज उडी मारून सुटता आलं असतं, अशा जागी त्यांना ठेवलं. तरी त्यांच्यातले बरेच कुत्रे नुसते बसून राहिले! याला नाव मिळालं 'शिकलेली असहायता'. काहीही करून उपयोग नाही, हे ते शिकले होते असं मानलं गेलं.

पण खरी गंमत पुढे आहे. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे स्वतःचाच निष्कर्ष उलटा केला. सततच्या त्रासात गप्प बसणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते याच्या उलटं. 'माझ्या हातात काहीतरी आहे' हे मेंदूला अनुभवातूनच शिकवावं लागतं.

म्हणजे आमच्या टीम लीडचं 'कणीस खा आणि झोप' हे धोरण नैसर्गिक आहे, पण शहाणपणाचं नाही. काकांचं 'पलंग ते खिडकी' हेच खरं औषध!

स्मार्ट तर ठीक, पण कुणासाठी?

अप्रेझलच्या फॉर्मवर तुम्ही 'स्मार्ट' गोल्स लिहिले असतीलच. हा फंडा १९८१ मध्ये जॉर्ज डोरन यांनी एका मॅनेजमेंटच्या मासिकात मांडला. ध्येय नेमकं हवं, मोजता यायला हवं, त्याला मुदत हवी वगैरे वगैरे. सगळं बरोबर. पण त्यात एक प्रश्न राहून जातो. हे ध्येय कुणाच्या कामाचं आहे?

माझ्या जुन्या डायऱ्या काढून बघितल्या. दोनच प्रकारची ध्येयं होती. एक, 'भ्रष्टाचाराविरुद्ध काहीतरी करायचं' छाप. इतकं मोठं की पहिलं पाऊल कुठे टाकायचं तेच कळू नये. दुसरं, 'पाच किलो कमी करायचे' छाप. वाईट काहीच नाही त्यात, पण बाहेर काहीतरी जळत असताना आरशासमोर उभं राहिल्यासारखं वाटायचं आणि तिसऱ्या आठवड्यात सुटायचं. या दोन्हींच्या मध्ये जी जागा आहे ना, माझ्या जिन्याएवढी, माझ्या गल्लीएवढी, तिथलं ध्येय मी कधी लिहिलंच नव्हतं.

शेवटी मी एक ठरवलं. दर रविवारी सकाळी आठ वाजता बिल्डिंगच्या पाण्यातलं क्लोरीन तपासायचं. त्याचं साधं किट मिळतं. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळसर होतं, नसेल तर तसंच पांढरं राहतं. रंगाच्या पट्टीशी जुळवायचं आणि आकडा वहीत लिहायचा. वही लिफ्टशेजारी टांगलेली. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं, असा भारतीय मानकाचा आकडा आहे. पाणी पिवळं झालं म्हणजे ते शंभर टक्के शुद्ध, असं नाही हं! पण पांढरं राहिलं तर काहीतरी गडबड आहे, एवढं नक्की कळतं.

पहिल्या महिन्यात लोकांनी माझी यथेच्छ टिंगल केली. 'सायंटिस्ट आल्या' वगैरे. मग लागोपाठ तीन रविवार पाणी पांढरं राहिलं. चौथ्या रविवारी आमचा सेक्रेटरी वैतागून माझ्याबरोबर गच्चीवर आला. टाकीचं झाकण फुटलेलं आणि तळाला बोटभर गाळ. घाणीत क्लोरीन खर्च होऊन जातं, म्हणून ते नळापर्यंत पोचतच नव्हतं. टाकी शेवटची कधी धुतली होती? कुणालाच आठवेना! त्याच आठवड्यात टाकी धुतली, झाकण बदललं. त्यासाठी ना नगरसेवक लागला, ना मंत्री. पुढच्या रविवारी पाणी लख्ख पिवळं! आयुष्यात पिवळ्या रंगाचा एवढा आनंद मला हळदीच्या कार्यक्रमातही झाला नव्हता.

समोर सिंहगड, पलीकडे एनडीए

"म्हणजे राजकारण सोडून टाक्या धुवायच्या?" मित्रानं चौपाटीवर हाच टोमणा मारला. प्रश्न बरोबर आहे. कारण 'मी बरा, माझं काम बरं' म्हणणं हीसुद्धा एक पळवाटच.

मी त्याला समोरचा सिंहगड दाखवला. वर टिळकांचा बंगला आहे. टिळकांचा तो काळ आठवा. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेच्या तुरुंगात गेले. याहून निराशाजनक काळ कुठला असणार? पण तिथे १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीनं 'गीतारहस्य' लिहून काढलं. नव्या भाषांचा अभ्यास केला. १९१४ मध्ये सुटले, १९१५ मध्ये ग्रंथ छापून आला आणि १९१६ मध्ये त्यांनी होमरूल लीग काढली. म्हणजे त्यांनी राजकारण सोडलं नाही. राजकारणाची दारं बंद होती तेवढा काळ वाया जाऊ दिला नाही, एवढंच.

आपण काही टिळक नाही, मान्य. मग जरा अलीकडचं घ्या. चौपाटीपासून जवळच राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, आपली एनडीए. या गावातल्या मुलींच्या कित्येक पिढ्या त्या आवाराकडे बघत मोठ्या झाल्या, पण 'मला तिथे जायचंय' हे ध्येय त्यांना ठरवताच येत नव्हतं. कारण मुलींना प्रवेशच नव्हता. कुणीतरी कोर्टात गेलं. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलींना परीक्षेला बसू द्या असा आदेश दिला आणि परीक्षा होती त्याच नोव्हेंबरात. तीन महिनेसुद्धा नाहीत! ३० मे २०२५ ला १७ मुलींची पहिली तुकडी तिथून पासआउट होऊन बाहेर पडली.

या गोष्टीत दोन्ही आहेत बघा. दार उघडायला कोर्टात जाणारं कुणीतरी लागलं आणि उघडलेल्या दारातून आत जायला तयारीच्या मुली लागल्या. एकावाचून दुसरं फुकट.

आणि समोरच्या पाण्याकडे बघा. याच धरणातला वर्षानुवर्षं साचलेला गाळ काढायचं काम निवृत्त कर्नल सुरेश पाटील यांच्या 'ग्रीन थंब' संस्थेनं हातात घेतलं. गाळ निघाला की धरणात पाण्याला जागा होते आणि तोच गाळ शेतात पडला की जमीन सुधारते. एवढ्या मोठ्या धरणापुढे एक माणूस आणि एक संस्था म्हणजे काय? पण सुरुवात पहिल्या ट्रकपासूनच होते ना!

आणि मग मतदान आलं

जानेवारी २०२६ च्या निवडणुकीआधी आमच्याकडेही उमेदवार आले. फुलं, घोषणा, नमस्कार. मी लिफ्टशेजारची वही काढून एकाच्या हातात दिली. त्यानं वहीबरोबर फोटो काढला आणि गेला. खोटं कशाला सांगू, चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण एक झालं. पूर्वी आमच्या बिल्डिंगमधली माणसं उमेदवारासमोर नुसती माना डोलवायची. या वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी थेट विचारलं, "पाणी कुठे शुद्ध होतं आणि आमच्यापर्यंत कुठल्या लाइननं येतं, ते सांगा." त्याला उत्तर देता आलं नाही. पण तो प्रश्न काकूंच्या तोंडी आला, तो त्या वहीमुळे. छोट्या ध्येयानं मला राजकारणापासून लांब नेलं नाही. उलट राजकारणाला विचारायचा नेमका प्रश्न हातात दिला.

एवढं करून पाहा!

• ध्येय असं निवडा की सरकार बदललं तरी पुढच्या रविवारी ते करता येईल.

• त्याचा थोडा तरी उपयोग दुसऱ्या कुणाला व्हायला हवा. उद्या तुम्ही घर बदललंत, तरी मागे काहीतरी राहायला हवं.

• 'जमेल तेव्हा' नको. वार, वेळ, जागा ठरवा. 'अमुक वाजले की मी तमुक करणार' असं ठरवणाऱ्यांचं काम जास्त वेळा तडीस जातं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवून दिलंय.

• बातम्यांना वेळ ठरवून द्या. काकांचा अर्धा तास बेस्ट! बातम्या बंद करू नका, नाहीतर नागरिक म्हणून तुम्हीच रिटायर व्हाल.

• नोंद ठेवा, तीही चारचौघांना दिसेल अशी. मोबाइलमधली नोंद आपण विसरतो. भिंतीवरची वही शेजारी विसरू देत नाहीत.

• मतदार यादीत नाव आहे का ते तपासा. हेही एक ध्येयच आहे आणि याला दहा मिनिटं लागतात.

आणि हो, काकांचं काय झालं ते राहिलंच. आमचं भांडण ऐन रंगात आलेलं असताना रस्त्याच्या कडेनं काठी टेकत, दर पन्नास पावलांवर थांबत ते आले. पाठीमागे काकू, हातात पाण्याची बाटली. काका आमच्याशेजारी कठड्यावर बसले, धापा टाकत. आमच्या टीम लीडनं उठून त्यांच्यासाठी कणीस आणलं.

"पोचलो बुवा," काका म्हणाले. "कॅलेंडरपेक्षा बराच उशीर झाला. पण पोचलो." मग कणसाचा पहिला घास घेऊन माझ्याकडे वळले. "काय पत्रकारबाई, कुणाचं सरकार पडतंय आज?"

यावर सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल? आमचा टीम लीड! जाता जाता हळूच मला म्हणाला, "ते किट कुठे मिळतं गं? आमच्या सोसायटीची टाकी कुणी बघितलीय कुणास ठाऊक."

तर मंडळी, तुमच्या बिल्डिंगची टाकी शेवटची कधी धुतली होती? येत्या रविवारी विचारून तर बघा!